चारच्या आत बंद कर

आमचा दादा ताकही फुंकून पिणारा. नोकरीसाठी परगावी गेला तेव्हा आईच्या घरी, कपाटाच्या माथ्यावर, एक सर्व्हर बसवून गेला. घरातले फोटो, कागदपत्रं, बाबांच्या आवाजाची रेकॉर्डिंग्ज, सगळं त्यात. देखभाल तिकडूनच चालायची.

आणि मी त्याची धांदरट धाकटी बहीण. त्या दुपारी माझ्या ऑफिसातून सर्व्हर उघडून आवराआवर करत बसले. बाबांची रेकॉर्डिंग्ज दोनदोनदा दिसली, म्हणून एक फोल्डर पुसून टाकला. मग लक्षात आलं. उरलेला फोल्डर दुसऱ्या डिस्कवरचा बॅकअप होता, आणि रोज चार वाजता तो पहिल्या डिस्कशी जुळवला जातो. पहिलीवर जे नाही, ते दुसरीवरूनही जातं. बाबा जाऊन तीन वर्षं झालेली. त्यांचा आवाज आणखी कुठेच नव्हता. पावणेचार वाजले होते.

बॅकअप मला नुसता दिसायचा; त्यातलं काही परत घ्यायला किंवा तो थांबवायला फक्त दादाचा पासवर्ड चालायचा. दादाला फोन लावला. "कर्म माझं!" म्हणत तो सर्व्हरमध्ये शिरायला गेला. घाईत पासवर्ड तीनदा चुकला आणि सर्व्हरनं त्यालाच तासभर बाहेर ठेवलं. हा नियमही त्याचाच.

मग त्यानं आईला फोन केला. तिनं ठेवून दिला. फसवणुकीचे फोन येतात म्हणून दादानंच तिला पढवलं होतं: कॉम्प्युटरबद्दल कोणी बोललं, अगदी आमचा आवाज असला, तरी फोन ठेवायचा. मी केला, तर माझाही ठेवला. अस्सा संताप आला ना मला दोघांचा!

चार वाजायला सहा मिनिटं. दादानं आम्हा तिघांना एकाच लाइनवर घेतलं.

"आई, ठेवू नकोस गं!" दादा ओरडला.

"माझा मुलगा असशील तर सांग," आई म्हणाली, "बाबा तुला काय म्हणायचे?"

भर ऑफिसात दादा म्हणाला, "भोपळ्या." मग लगेच, "आई, कपाटावरच्या डब्याचं बटण बंद कर. आत्ता!"

स्टूल सरकवल्याचा आवाज आला. मग खट्. तीन मिनिटं उरली होती. मी तिथेच ढसाढसा रडले.

"आता मी येईपर्यंत चालू करू नकोस," दादा म्हणाला. "चालू झाला की चारचं राहिलेलं काम आधी उरकतो. मीच तसं करून ठेवलंय. मलाच येऊन डिस्क काढावी लागेल."

"कधी येतोस?"

"सुट्टी मिळते का बघतो," दादा म्हणाला.

"दोन वर्षं बोलावतेय," आई म्हणाली. "माझ्यासाठी नाही आलास. त्यांच्या आवाजासाठी तरी ये."