एका प्लेटवरची दोन नावं

डेस ट्रेगिअर हा माणूस कशावरही सही करत नसे. यारंबी गावात बत्तीस वर्षं दुधाचा टँकर चालवला, पण कुणाच्या वाढदिवसाचं कार्ड सह्यांसाठी फिरत आलं की हा पठ्ठ्या पेन हातात घेऊन नुसता विचार करायचा आणि कार्ड पुढे ढकलायचा. पहिल्या बायकोशी काडीमोड झाला तेव्हा एका सहीत घर गेलं होतं. दुसरं त्याने स्वतःच्या हातांनी बांधलं, पत्र्याचं, पुढे व्हरांडा, मागे लिंबाचं झाड. ते बांधलं त्या दिवशी त्याने कानाला खडा लावला.

आणि मग नोरीन आली. शाळेच्या कँटीनमध्ये कामाला, हसली तर रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशी. डेसच्या घराची मागची खोली भाड्याने घेतली आणि चौथ्या महिन्यात पुढे, त्याच्याच खोलीत राहायला गेली. भाडंही तेव्हापासून बंद. हे जोडपं आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं, एकट्या डेसला सोडून. कारण त्याचा मित्र मर्व्ह. मर्व्हचं कायद्याचं सगळं शिक्षण पबमध्ये झालेलं.

"दोन वर्षं जोडप्यासारखे राहिलात की डी फॅक्टो, म्हणजे कायद्याने नवरा-बायकोच झालात म्हणून समज," मर्व्हने बजावलं होतं. "लग्न नको, अंगठी नको. कोर्ट सरळ घरात वाटा काढून देतं. तू आपला तिला भाडेकरू म्हणत जा."

झालं! फ्रिजमध्ये तिचा कप्पा वेगळा, दारात पत्रांच्या पेट्या दोन. पबमध्ये नवा माणूस भेटला की, "ही नोरीन, माझी भाडेकरू."

"आणि हा माझा घरमालक," नोरीन म्हणायची. "घोरतो फार, पण भाडं वाढवत नाही." सगळे हसायचे. तीही हसायची, अकरा वर्षं.

मग तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. डेस हातात फुलं घेऊन हॉस्पिटलात धावला. नर्सने विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?" अकरा वर्षांची सवय ती! तो म्हणाला, "घरमालक." पडद्यामागे नोरीन जागी होती. या वेळी ती हसली नाही. घरी येऊन तिने बॅग भरली, बहिणीकडे गेली, आणि पंधरा दिवसांनी डेसच्या पेटीत पत्र पडलं: घरात वाटा हवा, मध्यस्थापुढे बसू.

डेसची पाचावर धारण बसली. वाटा द्यायचा म्हणजे घर विकायचं, दुसरं होतंच काय त्याच्याजवळ? लिंबाचं झाडसुद्धा जाणार.

मध्यस्थ होत्या ट्रान बाई, चष्म्यावरून बघणाऱ्या. "निकाल मी देत नाही," त्या म्हणाल्या. "पण कोर्टात गेलात तर तिथे काय विचारतील ते विचारते. एकत्र जेवत होतात?"

"ती स्वयंपाक करायची. मी तिथे असायचो."

"झोपायला?"

"मागच्या खोलीत ओल यायची."

"अकरा वर्षं?"

"जिद्दी ओल होती, बाई."

नोरीन खिडकीबाहेर बघत होती. तिचे ओठ जरासे हलले, पण तिने हसू आवरलं.

"लोक तुम्हाला काय समजत होते? कायदा तेही बघतो. चारचौघांत जोडपं म्हणून वावरलात का?"

"कधीच नाही!" डेस ताठ बसला. या प्रश्नाची मर्व्हने तयारी करून घेतली होती. "अख्ख्या गावाला विचारा. मी तिला भाडेकरूच म्हणत आलोय. दोघांची नावं मी कशावरही एकत्र घातलेली नाहीत."

नोरीनने पिशवीतून निळ्या काठाची प्लेट काढली आणि टेबलावर पालथी घातली.

यारंबीच्या हॉलमध्ये दर शनिवारी जेवण असतं. जोडप्याने मिळून घरच्या खाण्याची एक प्लेट न्यायची, एकट्याने आपली स्वतंत्र. रिकाम्या हाताने आलेल्याला कुणी बोलत नाही, फक्त मरेपर्यंत लक्षात ठेवतात. प्लेट परत मिळावी म्हणून खाली टेप लावून नाव लिहायचं. आता डेसला अंडंसुद्धा उकडता येत नव्हतं, आणि फुकट्या म्हणवून घ्यायची लाज वाटत होती. तेव्हा पहिल्याच शनिवारी नोरीनच्या चॉकलेट केकच्या प्लेटखाली त्याने स्वतः टेप लावली होती, टँकरवर आकडे लिहायच्या जाड काळ्या पेनाने: 'डेस आणि नोरीन'.

ट्रान बाईंनी वाचलं. "अक्षर कुणाचं?"

मर्व्हने या प्रश्नाची तयारी करून घेतली नव्हती.

"वाट्याचं नंतर बघू," नोरीन म्हणाली. "मला एकच सांग, डेस. मी भाडेकरू होते का?"

नाही म्हटलं की घर गेलं, हे त्याला चांगलं कळत होतं. त्याने प्लेटकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. हॉस्पिटलातून आल्यापासून ती बारीक झाली होती, आणि हे आपल्याला आज दिसतंय याची त्याला लाज वाटली.

"नव्हतीस," तो म्हणाला. "पहिल्या शनिवारपासून नव्हतीस. अक्षर माझंच आहे, बाई. लिहून घ्या. काय ती सही करतो."

आणि त्याने खरोखर सही केली. घर विकायचं, पैसे दोघांत निम्मे. नोरीनने नाक पुसलं आणि प्लेट पिशवीत टाकायला उचलली.

"ही माझी आहे," ती म्हणाली. "टेप तुझी. काढून घे."

डेसने नखाने कोपरा उचकटून पाहिला. अकरा वर्षं गरम पाण्यात धुतलेली टेप, पण जागची हलेना. त्याने किल्लीने खरवडून पाहिलं. ट्रान बाईंनी पेन्सिल तासायचं पातं दिलं, तेही चालेना.

"राहू दे," नोरीन म्हणाली. "अशीच नेईन शनिवारी हॉलला."

डेसचा चेहरा उजळला. "मग मी येऊ?"

"ये की. तुझी प्लेट वेगळी आण."