आत्याची बिस्किटं

परदेशातल्या विद्यापीठाने आत्याला हाकलून दिलं, अशी बातमी आमच्या इमारतीत पसरली होती. खालच्या मजल्यावरच्या काकू तर नाकातून सूर काढायच्या, "अगंऽ, औषधं चोरली म्हणे!" साफ खोटं. ती आपण होऊन रजा टाकून आली होती, कारण तिच्याच शोधात तिला चूक सापडली होती.

इथल्या आणि तिथल्या रुग्णांच्या रक्तात तिला मोठा फरक दिसला होता. त्या शोधावरच ती तिकडे प्राध्यापक झाली. मग एकदा तिथल्या दवाखान्यात तपासणीसाठी रक्त द्यायला बसलेली माणसं तिला खुशाल बिस्किटं खाताना दिसली. इथे मात्र उपाशीपोटी रक्त घेतलं होतं. फरक आजाराचा नव्हताच, बिस्किटांचा होता!

आता दोन्हीकडच्या सहकाऱ्यांना ऑनलाइन सभेत हे सांगायचं होतं. पद जाण्याची भीती होती. आत्या सकाळपासून एकच वाक्य लिहून खोडत होती. तिला हसवायला मी नेहमीसारखी तिची नक्कल करत, तिच्याच आवाजात म्हटलं, "मंडळी, सगळा घोळ तिकडच्या नर्सबाईंचा!"

ती हसली नाही. "मी असं म्हणेन?"

"म्हणशीलच. पैज! हरले तर महिनाभर तुझी नक्कल बंद."

सभेत ती म्हणाली, "रक्त उपाशीपोटी घ्या, हे दोन्हीकडे कळवायचं काम माझं होतं. मी गृहीत धरलं. चूक माझी."

सभा संपली. आत्याने लॅपटॉप मिटला, डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "हं. आता महिनाभर तोंड बंद."