जुनी जीप, नवी जीप आणि नवसाबाईंचे गुडघे

मखमलाबादचे चिमाजी काकड पारखल्याशिवाय काही घेत नाहीत. मेथी-कोथिंबिरीवर फवारायचा पंप घ्यायचा होता तेव्हा त्यांनी तो दुकानातच पाण्याने भरून पाठीवर घेतला आणि तासभर उभे राहिले. घरचा पंखा घेताना दुकानदाराला तो दुपारभर चालू ठेवायला लावला आणि स्वतः त्याखाली झोपले. पंखा चांगला निघाला. दुकानदाराचं मत कुणी विचारलं नाही.

अशा माणसाने एकसष्टाव्या वर्षी डोंगरात चढणारी, चारही चाकांना जोर असलेली गाडी घ्यायची ठरवली, तेव्हा घरच्यांनी मनाची तयारी ठेवली.

कारण साधं होतं. त्यांची मुलगी भाग्यश्री आरोग्यसेविका आहे. दोन वर्षांपूर्वी तिची बदली सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर झाली. तिथे डांबर संपल्यावर अडीच किलोमीटर नुसते दगडगोटे, मध्ये एक ओहोळ, मग तिचं क्वार्टर. ती सणाला माहेरी येई, पण तिच्या आईने, नवसाबाईंनी, लेकीचं ते घर एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांचे गुडघे चालू देत नव्हते. पाड्यावर रेंज फक्त टेकाडावर मिळे, त्यामुळे व्हिडिओ कॉलवर कायम लेक आणि तिच्यामागे एक साग.

"दोन वर्षं झाली, मी नुसतं झाड बघते," नवसाबाई म्हणत. "चूल कुठं, पाणी कुठं, काही कळत नाय."

पैशाची अडचण नव्हती. मळ्यातली वीस गुंठे जमीन नव्या रस्त्यात गेली होती. रस्त्याने दिलेले पैसे रस्ता नसलेल्या ठिकाणी जाण्यासाठी खर्च व्हावेत, यात चिमाजींना काही वावगं वाटलं नाही.

मुलगा दीपक अंबडच्या कंपनीत सुपरवायझर. त्याचं मत नवीच घ्यावी. "दादा, जुन्या गाडीत आपण गाडी नाय, दुसऱ्याची दुखणी विकत घेतो."

"आन् नव्या गाडीत?" चिमाजींनी विचारलं.

"नव्यात वॉरंटी असती."

"सुरगाण्याच्या ओहोळात वॉरंटी येऊन ढकलती का?"

तरीही ते शोरूमला गेले. तिथल्या वैष्णवी नावाच्या मुलीने त्यांना हायवेवरून एक फेरी मारून आणली. चिमाजी उतरले आणि म्हणाले, "पोरी, एवढ्या गुळगुळीत रस्त्यावर खाटसुद्धा पळंल. गाडी मळ्यात आण."

वैष्णवीने साहेबांना विचारलं. महिनाअखेर होती, साहेब हो म्हणाले.

चिमाजींनी आदल्या दिवशी पाटाचं पाणी सोडून बांधाजवळ चांगला चिखल करून ठेवला होता. नवी गाडी आली, तशी त्यांनी पुढच्या सीटवर कांद्याची पन्नास किलोची गोणी ठेवायला लावली आणि पायाशी वीस किलोचा टोमॅटोचा क्रेट. दोन गड्यांनी गोणी उचलून आत सरकवली. "हे काय?" दीपकने विचारलं.

"ही तुझी आई. सत्तर किलो."

नवसाबाई ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होत्या. "सदुसष्ट," त्या तिकडूनच म्हणाल्या.

गाडी चिखलातून सरळ निघाली. चार दिवसांनी पिंपळगावच्या मोतीरामने जुनी जीप आणली. मोतीराम जुन्या गाड्यांचा धंदा करतो आणि गाडीचे दोष गिऱ्हाइकाच्या आधी स्वतः सांगतो. त्यामुळे गिऱ्हाइकाला शोधायला काही उरत नाही. "बारा वर्षांची हाय. डावा दरवाजा आपटावा लागतो. एसी हाय, पण फक्त आवाज करतो." तीच गोणी, तोच क्रेट, तोच चिखल. जीपही निघाली, थोडी कुरकुरत.

दोन्ही पास झाल्या, आणि इथे चिमाजींच्या पारखीचं घोडं अडलं. महिनाभर ते मळ्यात येईल त्याला चाकं, चढ आणि जमिनीपासूनची उंची समजावत राहिले. शेवटी दीपक जिंकला. नवी गाडी बुक करायची ठरली. चांगला दिवस पाहून नवसाबाईंनाही शोरूमला नेलं.

वैष्णवीने हसून दार उघडलं. नवसाबाईंनी गाडीकडे पाहिलं. मग पायदानाकडे पाहिलं. उजवा पाय उचलला, तो अर्ध्यात थांबला. डावा उचलून पाहिला, तो त्याच्याही आधी थांबला. वैष्णवीने प्लॅस्टिकचं स्टूल आणलं.

"हे गाडीसंगं मिळतं का?" नवसाबाईंनी विचारलं.

"नाही आजी. पण जादाची पायरी बसवून मिळते." ती बसवलेली दुसरी गाडी दाखवली. पायरी चार बोटं रुंद आणि तरीही उंचच होती.

नवसाबाई नवऱ्याकडे वळल्या.

"अहो, महिनाभर मला तोलून बघत होता. कांद्याच्या गोणीला गुडघे असत्यात का?"

गोणी उचलून आत ठेवायला दोन गडी लागतात, हे चिमाजींनी पाहिलं होतं. गोणी आपली आपण चढते का, हे पाहायचं राहून गेलं होतं.

त्याच दुपारी तिघे पिंपळगावला गेले. मोतीरामच्या जीपचा आधीचा मालक आठवडे बाजाराला म्हाताऱ्या माणसांची ने-आण करायचा. त्याने मागच्या दाराला दोन पायऱ्यांची लोखंडी शिडी वेल्ड करून घेतली होती आणि वर धरायला दांडा. मोतीरामने ही गोष्ट सांगितली नव्हती, कारण तो दोष नव्हता. नवसाबाईंनी दांडा धरला, दोन पायऱ्या चढल्या, बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "चला."

"आई, अजून घेतली नाय," दीपक म्हणाला.

"मग घ्या की. मी बसलेय."

त्यानंतरच्या रविवारी चिमाजी आणि नवसाबाई दिंडोरी-वणीवरून सुरगाण्याकडे निघाले. डांबर संपलं तिथे चिमाजींनी बाह्या सारल्या, चारही चाकांना जोर देणारा गिअरजवळचा छोटा दांडा ओढला आणि पुढे पाहिलं. पुढे ताजा मुरूम पसरलेला होता. ओहोळावर सिमेंटचे पाइप टाकलेले होते. काम आठवड्यापूर्वीच झालं होतं. चिमाजींनी एकदा मुरमाकडे पाहिलं, एकदा बाजूच्या पाण्याकडे, आणि जीप पाण्यात घातली.

"रस्ता तिकडं हाय!" मागून नवसाबाई ओरडल्या.

"दिसतो मला."

क्वार्टरपुढे भाग्यश्री उभी होती. नवसाबाई शिडीवरून सावकाश उतरल्या, लेकीच्या गालावरून हात फिरवला आणि थेट स्वयंपाकघरात गेल्या. पाण्याचा हंडा, गॅसची टाकी, मिसळणाचा डबा, सगळं एकदा नजरेखालून घातलं. हंडा खिडकीखालून उचलून कोपऱ्यात सरकवला.

"आई, बस ना. मी चहा करते."

"सर तू. मी करते. साखर सापडली मला."

ती साखर नव्हती, मीठ होतं. चिमाजींनी पहिला घोट घेतला, बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि उरलेला चहा गुपचूप पिऊन टाकला.