रुमालावरची पांढरी राख

आमच्या गॅरेजातले किस्से काजळीसारखे आहेत. एक पुसावा तर बोटाला दुसरा लागतो. पण मला पहिल्यांदा खटकलं ते काजळी नसणं.

सायलेन्सरच्या तोंडाशी रुमाल धरायचा आणि किती काळा होतो ते बघायचं, ही आमचे फोरमन करीमचाचा यांची धूर मोजायची रीत. मी नुकतीच बी.एस्सी. होऊन मालक अण्णांच्या या लॉऱ्यांच्या गॅरेजात चाचण्यांची वही लिहायला लागले होते. सोलापूरच्या एका एजंटनं डिझेलात घालायचं औषध आणलं. टाकीत झाकणभर ओतलं आणि रुमाल काळा झालाच नाही. सगळे खूश. मी वाकून पाहिलं, तर रुमालावर पांढुरकी राख.

"चाचा, ही कशाची?"

"धूर मेला बेटा. त्याचीच असंल."

• • •

एजंटचं वाक्य 'अर्थात'शिवाय सुरूच होत नसे. "अर्थात, आमच्याकडं मुख्य शास्त्रज्ञ आहेत. अर्थात, मुलींना इंजिनातलं कळायचं नाही."

तेवढ्यात मागं हॉर्न वाजला. मी दचकले आणि दौत त्याच्या पांढऱ्या पँटवर सांडली. मुद्दाम नव्हे. पण वाईटही वाटलं नाही.

• • •

पंधरा दिवसांनी आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर शिवलिंगप्पा तुळजापूरच्या घाटात अडकले. फिल्टर उघडला तर आत हळद.

"अप्पा, टाकीत भंडारा?"

"अणदूरच्या खंडोबाला डबा दावून आणला की ताई. नव्या औषधात देवाचं चिमूटभर नको व्हय?"

एजंटला आयतंच सापडलं. "अर्थात, गाडी भंडाऱ्यानं अडली."

मी भंडारा न घातलेली दुसरी लॉरी उघडायला लावली. चाचांनी डिझेल फवारणारा इंजेक्टर काढला. त्याच्या तोंडावर तीच राख, चुन्यासारखी घट्ट बसलेली. धूर कमी झाला होता, खरं आहे. पण औषधातलं जे जळत नव्हतं, ते इंजिनातच घर करत होतं.

चाचा एजंटला म्हणाले, "खंडोबावर आळ घेता व्हय साहेब? तो तर या गाडीत बसलाच न्हाय."

• • •

तरी एजंट सोलापूरला परतल्यावर अण्णांनी त्यानं ठेवलेला कागद पुढं सरकवला. 'औषध उत्तम' असं वर लिहिलेलं, खाली माझी सही हवी. मग सगळ्या लॉऱ्यांत तेच पडणार.

"सही करा बाई, न्हायतर उद्यापासून येऊ नका."

मी कागद परत त्यांच्याकडं सरकवला. म्हटलं, "डब्यात काय आहे ते त्यांच्या शास्त्रज्ञांना विचारते. तोवर सही नाही. नोकरी गेली तर जाऊ द्या."

"विचारा की. फोन हाय तिथं."

डब्यावरच्या सोलापूरच्या नंबरला ट्रंक कॉल लावला. दोनदा नुसतीच घंटी वाजली, कुणी उचलेना. अण्णा घड्याळ बघत होते. शिवलिंगप्पा दारात बसकण मारून म्हणाले, "लावा ताई. आमी बी हलत न्हाय."

तिसऱ्यांदा खट् झालं. अण्णा रिसीव्हरला कान लावून वाकले.

"मी धाराशिवहून बोलते. मुख्य शास्त्रज्ञ आहेत का?"

पलीकडं कुणीतरी घसा साफ केला.

"अर्थात. मीच बोलतोय."