एकाच निळ्याचे दोन निळे

“निळी लोकर मागवली, निळीच आली. तक्रार नाही. फक्त विणून पाहिली, ही आमची निळी नाही.”

फोनवर जोगळेकर होते. सदाशिव पेठ, बँकेतून रिटायर. शेड नंबर तोच, कंपनी तीच. मी लेबलवरचा लॉट नंबर विचारला आणि घोटाळा लक्षात आला.

कारखान्यात एका वेळी जेवढी लोकर एकत्र रंगवतात, तो एक लॉट. पुढच्या वेळी रंग तोच घातला तरी किंचित फरक पडतो. लोकरीचे नुसते गुंडे पाहून तो कळत नाही. दोन लॉट एकाच स्वेटरात विणले की मात्र सरळ रेघ उठते.

मी खराडीला एका आयटी कंपनीत टेस्टिंगमध्ये होते. विणकामाच्या वेडापायी नोकरी सोडली आणि वारज्याच्या फ्लॅटमधल्या एका खोलीतून लोकर आणि सुया ऑनलाइन विकायला लागले. दुकान छान चाललं. इतकं, की मी स्वतः विणायची थांबले. दिवसभर हातात चिकटपट्टी.

“रिफंड देते,” मी म्हटलं.

“पैसे माझ्याकडे आहेत. लोकर नाहीये.”

त्यांचा लॉट जुना होता. डिस्ट्रिब्युटरकडे नव्हता. ग्राहकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, तिथेही कोणाकडे उरलेला नव्हता. एक उपाय होता, पण स्वेटर बघावा लागणार होता.

“घेऊन या ना इकडे.”

“स्वेटर येईल. जी विणत होती ती येऊ शकत नाही.”

मी ग्राहकांच्या घरी जात नाही. त्या दिवशी गेले.

जोगळेकरकाकू खिडकीपाशी खुर्चीत होत्या. उजवा हात मांडीवर ठेवलेला. आदल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला, त्यात तो हात गेला. पाठ आणि बाह्या विणून झाल्या होत्या. पुढचा भाग छातीपर्यंत येऊन सुईवर थांबलेला.

“हिने सगळ्या गावाला स्वेटर घातले,” काका म्हणाले. “माझा नंबर आत्ता कुठे लागला होता. म्हटलं, उरलेला आपणच विणू. घरातल्या दुसऱ्या लोकरीवर शिकलो. ही ओरडते, मी विणतो.”

टाके कसे पडतात बघावं म्हणून मी त्यांच्या सरावाच्या तुकड्यावर एक ओळ विणली. मान वर केली तर काकू माझ्या बोटांकडे बघत होत्या. चेहऱ्याकडे नाही, फक्त बोटांकडे. मी सुया खाली ठेवायला लागले तशा म्हणाल्या, “अजून.” शब्द जड येत होता. मी आणखी विणलं. त्यांच्या डाव्या हाताचं बोट पदराच्या काठावर माझ्याबरोबर हलत होतं. मग थांबलं. त्यांनी हात मुठीत मिटून घेतला.

मी घाईने स्वेटर हातात घेऊन उपायाकडे वळले. दोन ओळी जुन्या लोकरीच्या, दोन नव्या, असं काही अंतर विणत जायचं. रेघ विरून जाते, डोळा फसतो.

“पण जुनी तर संपली,” काका म्हणाले.

“म्हणून वरचं चार बोटं उसवावं लागेल. तीच लोकर वापरायची.”

काकांनी स्वेटर माझ्या हातातून काढून घेतला. “जमणार नाही.”

“काका, नाहीतर रेघ दिसेल.”

“दिसू दे. हे हिच्या हातचं शेवटचं आहे. मी उसवणार नाही आणि कोणाला उसवू देणार नाही.”

काकूंनी डावा हात पुढे केला. मग काकू म्हणाल्या, “अहो. द्या इकडे.”

“अगं, चार बोटं जातील.”

“माझीच आहेत ना?”

काकांनी स्वेटर त्यांच्या मांडीवर ठेवला. काकूंनी डाव्या हाताने सुई ओढून काढली आणि धागा धरला. विणायला दोन हात लागतात, उसवायला एक पुरतो. धागा सर्रकन निघाला. एक ओळ, दुसरी ओळ. गेल्या वर्षानंतर लोकर पहिल्यांदाच त्यांच्या बोटांतून पळत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या थांबायला तयार नव्हत्या.

“पुरे, चार बोटं झाली!” काका गुंडा गुंडाळता गुंडाळता ओरडले.

“आणखी एक ओळ,” काकू म्हणाल्या.

थंडी संपता संपता स्वेटर पूर्ण झाला. काकांनी फोटो पाठवला. रेघ दिसत नव्हती. काकांचे टाके मात्र लांबूनही ओळखू येत होते.

त्यानंतर त्यांच्या पत्त्यावरून ऑर्डर येत राहिल्या. नवीन रंग आला की त्याचा एक गुंडा. मी फोन करून सांगितलं, काका, एका गुंड्यात काही होत नाही, मोजेसुद्धा नाहीत.

“विणायला नकोय,” ते म्हणाले. “हिला हातात धरायला हवाय.”

तेव्हापासून एका गुंड्याच्या ऑर्डरवर मी कोणालाही सल्ला देत नाही. पाठवून देते.