मी न मारलेली उडी

माझ्या पायावर तांदळाची गोणी पडली तेव्हा मी लिहीत होतो. खरी गोष्ट एवढीच आहे. पण ती नीट सांगायला मला अडीच महिने लागले, आणि त्या अडीच महिन्यांत मी जे काही सांगत सुटलो त्यापायी बायकोचं दुकान जवळजवळ हातचं गेलं होतं.

मी जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात टॅली क्लार्क आहे. कंटेनरमध्ये चढणारा माल मोजायचा, हे काम. फोर्कलिफ्टवाला गोण्यांची थप्पी खालच्या लाकडी पॅलेटसकट उचलून कंटेनरच्या तोंडाशी धरतो, आतले लोडर एकेक गोणी ओढून घेतात आणि मी बाजूला उभा राहून कागदावर रेघा ओढतो. एक गोणी, एक रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. एकवीस वर्षं मी रेघा ओढतोय. बायको म्हणते, वर्गातली सगळी पोरं पुढे गेली, हे अजून पहिलीतच आहेत.

त्या दिवशी दुपारी पॅलेटची एक फळी मोडली. थप्पी कलली, आणि एक गोणी माझ्या डाव्या पायावर आली. मला काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. मी एकदम जमिनीवर बसलेला होतो आणि पाय भलत्याच दिशेला गेला होता. मी पहिला प्रश्न विचारला, "माझं पेन कुठं गेलं?" फोर्कलिफ्टवाला गाडीवरून उडी टाकून आला. पस्तिशीचा धिप्पाड गडी, पण त्याचा चेहरा माझ्याहून जास्त उतरला होता.

पनवेलच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं, नडगीत सळई बसली. बिलाचं विचारल्यावर ऑफिसातून उत्तर आलं, "आत्ता तुम्ही भरा, चौकशी झाली की बघू." भरायला घरात एकच रक्कम होती. बायको आठ वर्षं घरून पोळ्या करून देत होती. पहाटे उठून लोकांचे डबे भरायचे आणि पैसे बाजूला टाकायचे, असं करत तिनं नवीन पनवेलच्या बाजारात एका छोट्या गाळ्याचं डिपॉझिट साठवलं होतं. पोळी-भाजी केंद्र काढायचं होतं तिला. पाटीचा रंगसुद्धा ठरला होता, शेंदरी. ते सगळं डिपॉझिट माझ्या नडगीत गेलं. गाळेवाला भला माणूस. म्हणाला, "दसऱ्यापर्यंत थांबतो ताई, पुढे नाही जमायचं." दसऱ्याला तीन महिने होते.

मला घरी आणलं तो सोहळा बघण्यासारखा होता. खांदा कॉलनीतली आमची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. चौघांनी मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं आणि सोसायटीचे सेक्रेटरी, बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ, पुढे चालत "डावीकडे घ्या, कठडा सांभाळा" असं सांगत होते. लग्नातसुद्धा मला कोणी एवढ्या थाटात मिरवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून लोक बघायला यायला लागले. आपल्याकडे आजाऱ्याला बघायला मोकळ्या हातानं कोणी येत नाही. मोसंबी आली, बिस्किटं आली आणि शहाळी तर इतकी आली की बाल्कनीत पाय ठेवायला जागा उरली नाही. बायको प्रत्येकाला चहा करत होती आणि पातेल्याच्या आवाजावरून मला तिचा मूड कळत होता.

पहिले आले सेक्रेटरी. "कसं झालं हो?" त्यांनी खुर्ची ओढत विचारलं. मी खरं ते सांगितलं. लिहीत होतो, फळी मोडली, गोणी पडली.

"मग?"

"मग काय, पडली."

त्यांचा चेहरा पडला. दोन मिनिटं पंख्याकडे बघून ते "विश्रांती घ्या" म्हणत उठले. मला फार वाईट वाटलं. माणूस दोन शहाळी घेऊन आला आणि त्याला मी एवढंच दिलं.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचं जोडपं आलं, तेव्हा मी जरासं तिखटमीठ लावलं. म्हटलं, गाडी जरा जोरातच आली. दोघंही खुर्चीत पुढे सरकले. चौथ्या दिवशी ती गाडी झोकांड्या खात आली. आठव्या दिवशी एक लोडर थेट थप्पीखाली उभा होता, बिचाऱ्याला कल्पना नाही, आणि मी कागद फेकून उडी मारली, त्याला ढकललं, आणि गोणी माझ्या पायावर घेतली. बायकांनी डोळ्याला पदर लावला. मग एक दिवस कोणीतरी विचारलं, "पण ड्रायव्हरचं लक्ष कुठं होतं?" आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "फोनवर बोलत होता."

खोटं बोलतोय असं मला तेव्हा वाटलंच नाही, खरं सांगतो. एकवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गोण्या मोजल्या, पण माझं बोलणं ऐकायला कोणी कधी थांबलं नव्हतं. आता घर भरत होतं आणि मला त्याची चटक लागली. सेक्रेटरी तर रोज संध्याकाळी येऊन बसायला लागले. नवा पाहुणा आला की तेच म्हणायचे, "यांना ती उडीची सांगा."

अशाच एका संध्याकाळी एक जण अर्धा डझन केळी घेऊन आला. साधा शर्ट, हसरा चेहरा. "यार्डातून आलोय," एवढंच म्हणाला. मला वाटलं, नवीन भरती असेल. बायकोनं त्याला पोहे दिले. सेक्रेटरींनी फर्माईश केली आणि त्या दिवशी माझी उडी अशी काही रंगली की सांगता सोय नाही. गृहस्थ मन लावून ऐकत होता. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाला, "मोठं धाडस केलंत."

आठ दिवसांनी रजिस्टर्ड पत्र आलं. बायकोनं ते पोळपाटाशी उभं राहून मोठ्यानं वाचलं. चौकशी अधिकाऱ्यांनी घरी जाऊन खुद्द कर्मचाऱ्याचं म्हणणं ऐकून घेतलं आहे, कर्मचारी नियम मोडून आपणहून धोक्याच्या जागेत शिरला, सबब दवाखान्याचं बिल आणि रजेचा पगार द्यायला कंपनी बांधील नाही. हरकत असल्यास पंधरा दिवसांत हजर राहावं. खाली आणखी एक ओळ होती. फोनवर बोलत गाडी चालवल्याबद्दल फोर्कलिफ्ट चालकाला गाडीवरून काढण्यात आलं आहे.

बायकोनं पत्राची घडी करून पोळपाटाखाली सारली. मग म्हणाली, "त्या केळीवाल्याला मी दुसऱ्यांदा पोहे वाढले."

माझी मान वर होईना. दसरा तीन आठवड्यांवर आला होता. आणि कबूल करतो, मला त्या क्षणी गाळाच दिसत होता. शेवटची ओळ मी ऐकली, पण डोक्यात शिरू दिली नाही.

ती डोक्यात घालायला तिसऱ्या दिवशी एक बाई आली. स्कूटरवरून जासईहून आलेली, तिशीची, हातात पिशवी. घरात सेक्रेटरींसकट चार माणसं बसली होती. ती दारातच उभी राहिली.

"गोनी पडली ते काका तुमीच काय? मी त्या गाडीवाल्याची बायको."

मी बसा म्हटलं. ती बसली नाही.

"तुमी बगितलाव त्याला फोनवर बोलताना?"

मी बायकोकडे बघितलं. बायको माझ्याकडे त्या बाईपेक्षा जास्त रोखून बघत होती.

"नाही," मी म्हटलं.

"मंग सांगताव कशाला?"

चौघंही शहाळ्यात तोंड घालून बसले होते.

"आता गेटवर बसवलाय त्याला, चिठ्ठ्या फाडतो," ती म्हणाली. "परत बोलावला तरी गाडीवर बसनार नाय बोलतो. काकांचा पाय माज्यानं गेला, हाच एक घोर लागलाय. भाकरी मोडतो आनि तशीच ठेवतो." पिशवीतून एक कागदाची घडी आणि एक पेन काढून तिनं माझ्या पलंगावर ठेवलं. "ये तुमचा हाय. त्या दिवशी त्यानं उचलला. रोज बोलतो देऊन येतो, पन त्याचे पाय हिकडं वलत नाय."

मग पिशवीच तिनं बायकोच्या हातात दिली. "आनि ये बोंबील. करंजाचे, माज्या बापाच्या बोटीचे. पाय मोडलाय म्हून आनलेत. राग वेगला."

मला अशी लाज आयुष्यात वाटली नव्हती. हा माणूस दोन महिने माझं पेन सांभाळत बसला होता, आणि मी चार कौतुकाच्या शब्दांसाठी त्याच्या कानाला फोन लावून मोकळा झालो होतो.

बायकोनं कागदाची घडी उलगडली. माझा त्या दिवशीचा टॅलीचा कागद. वर माझ्याच अक्षरात शेरा होता: पॅलेट जुनी, फळी चिरलेली. हे मी इतक्या दिवसांत इतक्या कागदांवर लिहिलं होतं की लिहिल्याचं लक्षातही नव्हतं. खाली पाच-पाचाच्या जुड्या, एकदम सरळ. शेवटच्या जुडीत तीन रेघा, आणि चौथी सुरू होऊन तिरकी घसरत सहीच्या चौकटीपर्यंत खाली गेलेली.

बायकोनं त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "उडी मारताना रेघ कशी ओढलीत हो?"

मी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. सेक्रेटरी मात्र फार दुखावल्या आवाजात म्हणाले, "म्हणजे उडी नाहीच? अहो, मी ती सगळ्या बिल्डिंगला सांगितली." आणि काय झालं कोण जाणे, ती दारात उभी असलेली बाई पहिल्यांदा हसली. तिचं बघून बायको हसली. मी हसायचं धाडस केलं नाही. त्या दिवशी बोंबील तळले आणि ती जेवूनच गेली. दोघी ओट्याशी उभ्या राहून माझ्याबद्दल काय बोलल्या ते मला कळू दिलं नाही.

चौकशीच्या दिवशी फोर्कलिफ्टवाला स्वतः मला न्यायला आला, मेहुण्याची गाडी घेऊन. मला मागच्या सीटवर आडवं केलं, पायाखाली उशी दिली, आणि खांदा कॉलनीतून जासईपर्यंत त्यानं गाडी वीसच्या वर नेली नाही. मागं कंटेनरच्या ट्रेलरची रांग लागली, हॉर्न काय, शिव्या काय. तो आरशातून माझ्या पायाकडे बघत होता. मी म्हटलं, "चुकलो रे मी." तो म्हणाला, "पाय दुखत नाय ना?" एवढंच बोलणं झालं आमचं.

टेबलापलीकडे केळीवाले साहेब. त्यांनी फाइल उघडली आणि सांगा म्हणाले. मी सांगितलं. लिहीत होतो, फळी मोडली, गोणी पडली. या गाडीवाल्याच्या हातात फोन नव्हता आणि लोडर सगळे कंटेनरच्या आत होते.

"पण त्या दिवशी तर तुम्ही..."

"त्या दिवशी तुम्ही केळी घेऊन आला होता. बघायला आलेल्या माणसाला मी तशी सांगत होतो. ते चूक होतं. आज तुम्ही विचारताय म्हणून खरं सांगतो."

मी कागद पुढे केला. त्यांनी आधी शेरा वाचला, मग जुड्या मोजल्या, मग त्या चौथ्या रेघेवरून बोट खालपर्यंत नेलं, अगदी माझ्या बायकोसारखं. मग फोर्कलिफ्टवाल्याला विचारलं, पॅलेट चिरलेली होती हे माहीत होतं का? तो म्हणाला, "तीनदा सांगितला साएब. दुसरी नाय, हीच चालव बोलले." साहेबांनी स्वतःच्या हातानं कागदाची झेरॉक्स काढून आणली.

पैसे दसऱ्याच्या दोन दिवस आधी आले. दवाखान्याचं बिल आणि रजेचा पगार, दोन्ही. जुन्या पॅलेट एका ट्रकमध्ये भरून कुठंतरी गेल्या, आणि फोर्कलिफ्टवाला परत गाडीवर बसला. पहिल्या दिवशी प्रत्येक पॅलेट त्यानं आधी खाली वाकून तपासली, असं त्याच्या बायकोनं माझ्या बायकोला फोनवर सांगितलं. माझा डावा पाय उजव्यापेक्षा थोडा आखूड राहिला. पूर्वी रोज सकाळी वडाळे तळ्याला दोन फेऱ्या व्हायच्या, आता एक होते. त्याचं मला अधूनमधून वाईट वाटतं आणि ते वाटणारच.

दसऱ्याला दुकान उघडलं. शेंदरी पाटी, झेंडूचं तोरण, आत बायको तव्यापाशी, बाहेर स्टुलावर मी, काठी टेकून. अख्खी बिल्डिंग आली होती. बाजारातला कोणी अनोळखी गिऱ्हाईक माझ्या काठीकडे बघून म्हणाला, "काका, काय झालं पायाला?" सेक्रेटरींनी आशेनं माझ्याकडे बघितलं. रांगेत मागं फोर्कलिफ्टवाला बायकोला घेऊन उभा होता. त्यालाही प्रश्न ऐकू गेला असणार, कारण तो खाली बघायला लागला.

मी म्हटलं, "लिहीत होतो. फळी मोडली, गोणी पडली."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

गिऱ्हाइकानं मान हलवली आणि चार पोळ्या घेऊन तो चालता झाला. रांग पुढे सरकली. फोर्कलिफ्टवाला माझ्यासमोर आला, पैसे पुढे केले, आणि तोंड अगदी गंभीर ठेवून म्हणाला, "काका, उडीची चांगली व्हती."

त्याच्या बायकोनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मी इतका हसलो की काठी खाली पडली, आणि ती उचलायला तो वाकला तेव्हा तोही हसत होता. आतून बायको ओरडली, पैसे घेऊ नका त्यांच्याकडून, आणि त्यांना पहिलं बसवा. तो बसला. चार पोळ्या खाल्ल्या आणि पाचवी मागून घेतली.