जंटलमन लोकांचे डॉक्टर

गोठ्याच्या फाटकातून आत शिरताना डॉक्टर डोक्यावरची टोपी उचलायचे आणि समस्त बैलांना उद्देशून म्हणायचे, "गुड मॉर्निंग, जंटलमन! काल कोण कोण उपाशी झोपलं?"

बैल अर्थातच उत्तर देत नसत. उत्तर द्यायला मी होते, म्हणजे माझ्या कंपनीचे पट्टे होते. मांसासाठी पाळलेल्या या जनावरांच्या गळ्यात एक पट्टा असतो आणि कानात एक बिल्ला. जनावर किती रवंथ करतं, किती हिंडतं, अंग तापलंय का, सगळं मोबाइलवर दिसतं. काही बिनसलं की अलार्म वाजतो. मी मस्कतजवळ अल खौदला राहते आणि हे पट्टे बसवण्याचं, बिघडले की दुरुस्त करण्याचं काम करते. पुण्यात सासूबाईंना मी "जनावरांच्या तब्येतीचं काम" एवढंच सांगितलंय. पुढचं त्यांनी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगायला गेले नाही.

डॉक्टर वसईचे. कॅथलिक, जनावरांचे रीतसर शिकलेले डॉक्टर, आणि बर्काच्या पुढे एका ओमानी मालकाच्या फार्मवर उभा जन्म काढलेले. उंच, पोट सुटलेलं, आवाज असा की शेजारच्या खजुराच्या बागेतले लोक वळून बघत. चर्चमधली गाणी गोठ्यात मोठ्याने म्हणायचे, आणि सूर म्हणाल तर देवच ऐकून घेवो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "पुण्याची ना तू? मग चूक यंत्राची असली तरी माझीच निघणार."

मी काय गप्प बसणारी बाई आहे? म्हटलं, "डॉक्टर, आधी चूक होऊ तर द्या. मग बघू कोणाची ते."

तिथून आमचं जमलं. जमलं म्हणजे भांडण सुरू झालं. आठवड्यातून एकदा तरी फोन यायचा, "बाय, तुझं यंत्र खोटं बोलतंय!" एक बैल खांबाला मान घासत बसायचा, तर यंत्र म्हणे तो बेचैन आहे. एकदा एकाचा पट्टा सुटून पाण्याच्या हौदात पडला. यंत्राने त्या बैलाला सरळ मेलेला ठरवलं. डॉक्टरांचा फोन आला, "बाय, मयत माझ्यासमोर उभं आहे आणि माझी टोपी खातंय. आता काय करू, पाद्री बोलावू?"

पण या माणसाचा त्या यंत्रावर जीव जडला होता, हे कळायला मला फार वेळ लागला नाही. शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधली मिस्सा आटोपली की ते आमच्याकडे जेवायला येत. सुरमईची तुकडी तोंडात, आणि दुसऱ्या हाताने मोबाइल माझ्या नवऱ्याच्या नाकापुढे. "बघा, काळ्याचं रवंथ बघा. काल काय मस्त झालंय!" लोक नातवंडांचे फोटो दाखवतात तसे हे बैलांचे आलेख दाखवायचे. माझा नवरा बिचारा बँकेतला माणूस. "वा, वा" म्हणत भात कालवायचा.

"एवढी माया लावता, आणि मग तेच बैल ट्रकमध्ये चढवता?" असं मी एकदा विचारलं. जरा खोचकच विचारलं. डॉक्टरांनी काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "बाय, ते जाणारच आहेत. पण माझ्याकडे आहे तोवर एकाचंही पोट दुखता कामा नये. एवढंच माझं काम."

त्यांची बायको केव्हाच गेली होती. मुलगी लग्न करून ऑस्ट्रेलियात. वसईचं घर कुलूपबंद. परत जायचा विषय निघाला की चिडायचे. "तिथे जाऊन करू काय मी? ओट्यावर बसून माशा मारू?"

आणि नेमका तोच विषय एका वर्षी निघाला. जुना अर्बाब, म्हणजे मालक, वारला होता आणि फार्म त्याच्या मुलाकडे आला होता. पोरगा वाईट नव्हता. उलट हसरा, अदबीने बोलणारा, परदेशात शिकून आलेला. पट्टे त्यानेच घेतले. पण एक दिवस माझ्यासमोरच मोबाइल हलवत तो डॉक्टरांना इंग्रजीत म्हणाला, "डॉक्टर, आता सगळं मला इथेच दिसतं. गरज पडली तर बाहेरून डॉक्टर बोलावता येईल. तुमचं वयही झालं. ईद झाली की तुमच्या करारावर शांतपणे बोलू." डॉक्टर "इन्शाल्ला, अर्बाब" म्हणाले आणि टोपी काढून उगीचच झटकू लागले. मला इतका राग आला, की परतीच्या रस्त्यावर मी दोनदा वळण चुकले.

त्या घरात ईदची एक रीत होती. नव्या अर्बाबची आई, सगळे तिला हज्जा म्हणत, ईदच्या बरीच आधी फार्मवर यायची आणि काठीने एक बैल दाखवायची. तो कुर्बानीचा. मग ईदपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी येऊन ती त्याला स्वतःच्या हाताने खजूर भरवायची. त्या वर्षी तिने एक तांबडा निवडला होता. असा देखणा, की अर्बाबने त्याचे फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवले होते.

ईद चार दिवसांवर आली आणि डॉक्टरांचा फोन आला. आवाज अगदी खाली.

"बाय, तांबड्याचा अलार्म आलाय. तुझं यंत्र खोटं बोलतंय म्हण ना."

मी तशीच निघाले. पट्टा तपासला, बॅटरी बघितली. दुसऱ्या बैलाचा चांगला पट्टा त्याच्या गळ्यात बांधून वाट पाहिली. रवंथ कमीच. दिसायला म्हणाल तर तांबडा झोकात उभा, डोळे चकचकीत. कोणी म्हणालं नसतं आजारी आहे. डॉक्टरांनी थर्मामीटर लावला, चष्मा कपाळावर ढकलून वाचला आणि गव्हाणीच्या कठड्यावर बसले. "खलास. ताप आहे. छातीत सुरुवात आहे."

अडचण काय होती ते सांगते. औषधाचं इंजेक्शन दिलं की त्या जनावराचं मांस बरेच दिवस खाता येत नाही. म्हणजे ईद गेली. आणि इंजेक्शन नाही दिलं, तर तांबडा चार दिवस कसाही उभा राहिला असता, दुखत-खुपत का होईना. कोणाला पत्ता लागला नसता. अर्बाब खूश, पाहुणे खूश, आणि करारही कदाचित झाला असता. डॉक्टरांना हे सगळं माझ्याआधी कळलं होतं. टोपी गुडघ्यावर ठेवून ते नुसते बसून राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात गाडी आली. हज्जा आणि अर्बाब. हज्जा खजुराची पिशवी घेऊन थेट तांबड्याकडे निघाली.

डॉक्टर उठले आणि तिच्या वाटेत उभे राहिले. आता यांचं अरबी सगळं गोठ्यात शिकलेलं. थांब, सरक, मागे हो, खा. माणसांशी बोलायचे शब्द कमीच. घाबरले तेव्हा होते नव्हते तेही पळाले, आणि त्या मोठ्या घरच्या म्हातारीला हे दोन्ही हात पसरून म्हणाले, "थांब! मागे हो!" अगदी बैलाला म्हणतात त्याच सुरात.

अर्बाबचा चेहरा लाल झाला. मी मनात म्हटलं, आटोपला कारभार.

हज्जा मात्र थांबली. खरोखरच एक पाऊल मागे झाली. मग काठीवर दोन्ही हात ठेवून तिने विचारलं, "दुक्तूर, काय झालं?"

"हज्जा, याला ताप."

"दुखतंय त्याला?"

"आज थोडं. उद्या जास्त."

"मग औषध दे."

"औषध दिलं तर ईदला नाही."

"आजारी जनावर कुर्बानीला चालत नाही, हे मी तुला सांगायचं का तू मला?" असं म्हणून हज्जाने खजुराची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि काठी दुसऱ्या बैलाकडे केली. डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन भरलं. सुई बरोबर गेली.

जाताना अर्बाब हसून म्हणाला, "बघा डॉक्टर, मशीनने पकडलं ना!"

"येस, अर्बाब. मशीनने पकडलं."

मी तिथेच होते, माझंच मशीन, म्हणून जीभ चावून गप्प बसले. मशीनने पकडलं, कबूल. पण हज्जाच्या वाटेत हात पसरून कोण उभं राहिलं? त्याची नोंद माझ्या कंपनीच्या कुठल्याच पट्ट्यात होत नाही.

ईद झाली. तांबडा बरा झाला, आणि हज्जाने त्याला विकू दिलं नाही. करार मात्र वाढला नाही. अर्बाबने हिशेब चोख केला, वर हलव्याचे डबे दिले, विमानतळावर मिठी मारली. वाईट वागला असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी मला एवढंच सांगितलं, "बाय, पट्टे सैल बांधू नकोस. घासलं की जखम होते." आणि ढकलगाडी लोटत आत गेले. वळून पाहिलं नाही. बरं झालं, मी रडत होते.

ते गेले, पण अलार्म कोणाकोणाला पाठवायचे त्या यादीत त्यांचं नाव तसंच राहिलं होतं. कोणाच्या लक्षातच आलं नाही. वसईहून फार्मवर फोन यायला लागले. कामगारांना हिंदीत फर्मानं सुटायची, "काळ्याला बघ, पंखा लाव, पाणी बदल." कामगार खूश होते. अर्बाबलाही कळलं असावं, पण तो काही बोलला नाही. मीही ते नाव मुद्दाम राहू दिलं. म्हटलं, माणूस तेवढाच रमतोय.

मग एके सकाळी मलाच फोन आला.

"बाय, एक काम कर. माझं नाव काढ त्यातून."

"का हो डॉक्टर? यंत्र खोटं बोललं का पुन्हा?"

"नाही गं, खरं बोलतं. तोच तर घोटाळा आहे. अलार्म वाजला की मी उठतो, चपला घालतो, दाराची कडी काढतो. मग तिथेच उभा राहतो. शेजारीण विचारते, डॉक्टर, कुठे निघालात? तिला काय सांगू मी?"

"काढते," एवढंच म्हटलं.

कॉम्प्युटर उघडला. त्यांच्या नावावर बोट ठेवलं, तर यंत्राने विचारलं, नक्की काढायचं का? मी हो म्हटलं. त्यांनी सांगितलं होतं म्हणून म्हटलं.